खोक्यावर आठ कोअर, हातात मात्र झटके: स्वस्त फोन अडखळतो का?

पिंपळपान

आईसाठी आठ महिन्यांपूर्वी स्वस्तातला एक फोन घेतला. डोळे मिटून घेतला नव्हता, खोक्यावरचं सगळं वाचून घेतला होता. आठ कोअरचा प्रोसेसर, ६ जीबी रॅम, वर आणखी ६ जीबी ‘वाढीव रॅम’, १२८ जीबी स्टोरेज, ९० हर्ट्‌झचा डिस्प्ले. माझा स्वतःचा फोन पाच वर्षांपूर्वीचा, तेव्हाचा महागडा. रॅम ४ जीबी, डिस्प्ले ६० हर्ट्‌झ. कागदावर आईचा फोन प्रत्येक रकान्यात पुढे.

प्रत्यक्षात उलटं आहे. ती फोटो सरकवायला जाते, फोटो जागचा हलत नाही. ती पुन्हा बोट फिरवते आणि मग एकदम दोन फोटो पुढे जातात. मावशीला एकच फोटो तीन-तीनदा जातो, कारण पाठवायचं बटण दाबून काहीच झालं नाही असं वाटून ती पुन्हा दाबते. वर म्हणते, “मलाच जमत नाही गं हे.” तिला माझा जुना फोन दिला तर सगळं नीट जमतं. म्हणजे चूक तिची नाही.

मला हे मुळापासून समजून घ्यायचंय. ‘स्वस्त आहे म्हणून’ हे उत्तर नको. स्वस्त म्हणजे नेमकं कुठे काय कमी केलेलं असतं?

वाटसरू

माझ्याही फोनचं अगदी हेच. वाचतोय.

अणुरेणू

चांगला प्रश्न. आधी ‘स्मूथ’ म्हणजे काय ते नक्की करू, कारण बहुतेक गोंधळ तिथेच आहे.

६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. म्हणजे एकेक चित्र तयार करायला फोनला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. ९० हर्ट्‌झला ११.१ आणि १२० ला जेमतेम ८.३. तेवढ्या वेळात बोट कुठे आहे ते ओळखायचं, यादीतल्या ओळी कुठे येतील ते मोजायचं, फोटो उलगडायचे, चित्र रंगवायचं आणि पडद्याकडे सोपवायचं. एक मिलिसेकंद जरी उशीर झाला तरी पडदा वाट पाहत नाही, जुनंच चित्र पुन्हा दाखवतो. बोट पुढे गेलेलं असतं, चित्र मागे राहतं. झटका म्हणतो तो हाच.

आता मुद्द्याचं. सेकंदातली ५५ चित्रं वेळेवर आली आणि पाच एकदम चुकली, तर सरासरी चांगलीच दिसते. डोळ्याला मात्र ती पाचच जाणवतात. फोन किती वेगवान आहे हे त्याच्या सर्वोत्तम क्षणावरून सांगतात, खोक्यावर छापतात तेही तेच. स्मूथपणा ठरतो तो त्याच्या सर्वांत वाईट क्षणावर, आणि स्वस्त फोनमध्ये काटछाट होते ती नेमकी तो वाईट क्षण सावरणाऱ्या भागांत.

म्हणूनच तुमच्या आईंच्या फोनचा ९० हर्ट्‌झचा डिस्प्ले ही देणगी नाही. कमी ताकदीच्या चिपला १६.६७ ऐवजी ११.१ मिलिसेकंदांची मुदत दिलीय, इतकंच.

कोअरबद्दल सांगतो. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. पण आठ कोअर म्हणजे आठ सारखे हात नव्हेत. स्वस्त फोनांत आठातले सहा किंवा कधी आठही कोअर छोटे असतात. आर्म कंपनीचा कॉर्टेक्स ए५३ हा छोटा कोअर २०१२ साली जाहीर झाला आणि त्याच्यावर चालणारे नवे फोन दहा वर्षांनंतरही बाजारात येत होते. त्याचा धाकटा भाऊ ए५५, २०१७ चा. दोघेही सूचना आल्या त्याच क्रमाने पाळतात. खिडकीवर एकाची कागदपत्रं अपुरी निघाली की सगळी रांग थांबते, तसं. ए७५, ए७६ सारखे मोठे कोअर “तुम्ही जरा बाजूला थांबा, पुढचे या” म्हणणाऱ्या कारकुनासारखे. रॅममधून एखादी माहिती यायला वेळ लागला तर ते तोवर पुढची कामं उरकून घेतात.

आणि स्क्रोल करताना काम आठ ठिकाणी वाटलं जात नाही. अँड्रॉइडमध्ये ते मुख्यतः दोन थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक कामं करणाऱ्या दोन रांगांवर, चालतं: एक ॲपचा मुख्य थ्रेड, दुसरा चित्र रंगवणारा रेंडर थ्रेड, जो २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून वेगळा झाला. त्या घडीला कामाचे कोअर फार तर दोन-तीन. बाकीचे बसून असतात. तेव्हा विचारायचं ते ‘किती कोअर’ असं नाही, ‘त्यातला सर्वांत ताकदवान कोअर कोणता’ असं.

तुमचा जुना फोन तेव्हाचा महागडा असेल तर त्यात चार मोठे कोअर असणार, घड्याळ (म्हणजे कोअरची काम करण्याची गती) अडीच गिगाहर्ट्‌झच्या पुढे, आणि कॅश भरपूर. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेली छोटी मेमरी. तिचा आकार जाहिरातीत कुणी छापत नाही, पण स्वस्त आणि महाग चिपमधला मोठा फरक तिथे आहे. रॅमकडे जाणारा रस्ताही तसाच: महाग चिपमध्ये साधारण ६४ बिट रुंद, बऱ्याच स्वस्त चिपमध्ये त्याच्या निम्मा. रॅम ६ जीबी असली तरी तिच्यापर्यंतची वाट अरुंद.

निळीशाई

अणुरेणू, माहिती उत्तम, पण मला वाटतं तुम्ही हार्डवेअरवर जास्तच भार टाकताय. माझा अनुभव असा की खरा दोष सॉफ्टवेअरचा असतो. स्वस्त फोन उघडला की आधीच भरलेली वीस-पंचवीस ॲप्स, स्वतःहून येणाऱ्या जाहिराती, मागे सतत चालणाऱ्या सेवा. फोन विकून जो नफा कमी पडतो तो असा वसूल होतो आणि त्याची किंमत वापरणाऱ्याच्या वेळेतून जाते. मी घरच्या एका फोनमधली अशी अठरा ॲप्स बंद केली, तर तोच फोन माणसात आला. हार्डवेअर तेच होतं.

दुसरं म्हणजे कष्ट. एखादी कंपनी वर्षाला महागाचे दोन-तीन फोन काढते आणि स्वस्तातले ढीगभर. महागड्या फोनवर इंजिनिअर महिनोन्‌महिने बसतात: कुठला थ्रेड कुठल्या कोअरवर जावा, बोट लागलं की घड्याळ कधी वाढवावं, किती वेळ वाढलेलं ठेवावं. स्वस्त फोनच्या वाट्याला चिपबरोबर आलेली मूळ मांडणी येते आणि वर एक जड मुलामा.

अणुरेणू

कष्टांबद्दल पूर्ण सहमत. सॉफ्टवेअर हलकं केलं की फोन सुधारतो हेही खरंच. पण त्यालाही मर्यादा आहे. २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइड ८.१ बरोबर ‘गो’ आवृत्ती आणली ती १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठीच. हलकी ॲप्स, कमी सेवा, सगळं त्यासाठी घडवलेलं. अँड्रॉइड १३ पर्यंत त्याच गो आवृत्तीची किमान अट २ जीबीवर गेली. हलकं ठेवायचं म्हणून बनवलेल्या गोष्टीलाही जागा वाढवून मागावी लागली, कारण ॲप्स आणि वेबपानं सगळ्यांसाठी एकच असतात.

चिमटा

माझं मोबाइल दुरुस्तीचं काम आहे, अकरा वर्षं झाली. पिंपळपानताई, एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. स्टोरेज.

१२८ जीबी लिहिलंय, पण कुठल्या जातीचं ते लिहिलंय का? बहुतेक लिहिलेलं नसेल. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी असते, महागड्यात यूएफएस. ईएमएमसीची ५.१ आवृत्ती २०१५ ची, तिच्या मार्गाची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी. यूएफएस ३.१ ची मर्यादा तिच्या सातपट. पण हे मोठे आकडे सोडा, मोठी फाइल सलग वाचायची वेळ आपल्यावर रोज कुठे येते. खरा फरक दुसरा आहे. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. यूएफएस दोन्ही एकाच वेळी करते. एकेरी पूल आणि दुपदरी रस्ता यांत जो फरक, तोच.

आता आईंच्या फोनवर काय होतं बघा. मागे एखादं ॲप अपडेट होतंय, म्हणजे स्टोरेजवर लिहिणं चालू. त्याच वेळी त्या फोटो उघडतात, म्हणजे वाचायचं आहे. पूल एकेरी. वाचणारा लिहिणाऱ्याच्या मागे उभा. प्रोसेसर कितीही चांगला असला तरी काय करणार, त्याच्या हातात फोटोच आलेला नाही.

आणि निरोपाची ॲप्स दर निरोपामागे छोट्या छोट्या नोंदी लिहितात, लिहिलं गेलं याची खात्री होईपर्यंत थांबतात. असले बारीक तुकडे लिहिताना ईएमएमसीचा जीव जातो. गटातले शंभर निरोप एकदम आले की फोन गपगार. लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, नेट आलं की फोन हँग होतो, व्हायरस आहे का बघा. व्हायरस नसतो.

जागा भरली की अजून वाईट. फ्लॅश मेमरी पाटीसारखी असते. लिहिता एकेक ओळ येते, पण पुसायची झाली तर अख्खी पाटीच पुसावी लागते. कामाच्या चार ओळी पाटीवर असतील तर त्या आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून घ्यायच्या, मग ही पुसायची. कोऱ्या पाट्या भरपूर असतील तोवर हे तुम्हाला कळतसुद्धा नाही. फोन ९५ टक्के भरला की कोरी पाटी सापडेना, मग एक ओळ लिहायला चार पाट्यांची हलवाहलव. माझ्याकडे येणाऱ्या ‘स्लो झाला’च्या फोनांत हे कारण मी रोज बघतो.

मागे एका गृहस्थांचा फोन आला होता. डायलर, म्हणजे फोन लावायचं ॲप, उघडायला मी मनात मोजलं, सात सेकंद. जागा पुरेना म्हणून कुणीतरी मेमरी कार्ड फोनच्या आतलं स्टोरेज म्हणून जोडून दिलेलं. अँड्रॉइड ६ पासून ती सोय आहे. निम्मी ॲप्स त्या कार्डावर. साधं, फोटो ठेवायचं कार्ड ते, त्यावर ॲप चालवायची म्हणजे हाल. सगळी ॲप्स आत आणली, कार्ड नुसतं फोटोंना ठेवलं, फोटो आधी दुसरीकडे उतरवून घेतले होते. डायलर लगेच उघडला. ते गृहस्थ नवा फोन घ्यायच्या तयारीने आले होते.

पिंपळपान

चिमटादादा, हे कुणीच सांगितलं नव्हतं! आईच्या फोनमध्ये १२८ पैकी १२१ जीबी भरलेले आहेत. आणि ‘वाढीव रॅम’ चालू आहे, कारण मीच चालू करून दिली होती, चांगली असेल म्हणून. तिचं काय?

रातकिडा

ती आधी बंद करा.

मी ॲप्स लिहितो, रोजचं काम हेच. वाढीव रॅम म्हणजे रॅम नव्हेच, स्टोरेजचा एक कोपरा रॅमसारखा वापरायचा. रॅम भरली की सध्या न लागणारा भाग तिथे ठेवायचा आणि लागला की परत आणायचा. यूएफएसच्या फोनवर चालून जातं. ईएमएमसीवर, त्यातून ९५ टक्के भरलेल्या, म्हणजे चिमटा म्हणाले त्या एकेरी पुलावर आणखी गाड्या सोडायच्या.

रॅमबद्दल एक गोष्ट सहसा बोलली जात नाही, ती सांगतो. रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागची ॲप्स बंद करतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या आधी दोन गोष्टी होतात. एक, रॅममधला काही भाग दाबून छोटा करून ठेवला जातो. दाबणं-उलगडणं प्रोसेसरचं काम, आणि तो आधीच अशक्त. दुसरी जास्त त्रासदायक. चालू ॲपच्या कोडची पानंसुद्धा रॅममधून टाकून दिली जातात, कारण ती स्टोरेजवर आहेतच, लागली तर पुन्हा वाचता येतात. तुम्ही स्क्रोल करताय, ॲपला नेमकं तेच पान लागलं, ते रॅममध्ये नाही. मग स्टोरेजकडे धाव, तिथे पूल एकेरी, समोरून अपडेट येतंय. ११ मिलिसेकंदांचं काम शंभरवर जातं.

म्हणून ‘प्रोसेसर की रॅम की स्टोरेज’ हा वाद मला पटत नाही. प्रत्येकाची उणीव दुसऱ्याच्या अंगावर येते. तिन्ही थोडे थोडे कमी असले की परिणाम बेरजेने होत नाही, गुणाकाराने होतो. महागड्या फोनमध्ये एकाची चूक दुसरा झाकतो.

आता माझ्या धंद्याबद्दल, आणि हे मला मनापासून लागतं. आम्ही ॲप बनवतो ते ताकदवान संगणकावर आणि तपासतो ते टेबलावर असलेल्या महागड्या फोनवर. तिथे यादी लोण्यासारखी सरकते आणि आम्ही पुढच्या कामाला लागतो. गूगलच्या मोजमापात १६ मिलिसेकंदांच्या पुढचं चित्र ‘संथ’ आणि ७०० च्या पुढचं ‘गोठलेलं’. पाच सेकंद बोटाला उत्तरच मिळालं नाही तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ ही पाटी येते. मी पहिल्यांदा आमचंच ॲप ३ जीबी रॅमच्या फोनवर चालवून बघितलं तेव्हा पहिल्याच पानावर गोठलेली चित्रं मोजली, अकरा. कारण काय, तर बोटभर रुंदीच्या चौकटीत आम्ही पूर्ण आकाराचा फोटो उलगडत होतो, तोही मुख्य थ्रेडवर. महागड्या फोनने ती चूक दोन वर्षं पोटात घातली होती. अर्ध्या दिवसात दुरुस्त झाली. तेव्हापासून माझ्या टेबलावर सर्वांत कमी ताकदीचा फोन आधी असतो. ज्यांच्या हातात असे फोन आहेत ते तक्रार लिहीत नाहीत, पिंपळपान यांच्या आईंसारखे स्वतःलाच दोष देतात. आम्हाला त्यामुळे कळतच नाही.

शेवंती

रातकिडा, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं. माझे बाबा शिक्षक होते, अक्षर मोत्यासारखं. फोनवर टाइप करताना अक्षरं मागून येतात, ते तेवढ्यात दुसरं अक्षर दाबतात आणि भलताच शब्द तयार होतो. लोक त्यावर हसतात. त्यांनी आता लिहिणंच सोडलंय, फक्त आवाजी निरोप पाठवतात. आम्ही समजत होतो वयामुळे हात चालत नाही.

टाइप करताना असं का होतं? कीबोर्ड तर एवढीशी गोष्ट.

रातकिडा

शेवंतीताई, कीबोर्ड दिसतो छोटा, पण ते एक स्वतंत्र ॲप आहे. शब्द सुचवणं, चूक सुधारणं, दोन-तीन भाषांचे कोश, वर इमोजी आणि स्टिकर. दर अक्षराला हे सगळं धावतं. बाबांच्या कीबोर्डमधून न लागणाऱ्या भाषा काढून टाका, स्टिकरच्या सूचना बंद करा. लगेच फरक पडेल.

शिवाय पडदा बोट किती वेळा तपासतो यातही फरक असतो. सेकंदाला १२० वेळा तपासणाऱ्या पडद्याला बोट कळायला ८ मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, २४० वाल्याला ४. एकटा हा फरक किरकोळ, पण बाकीच्या उशिरांत मिळतो.

वाटसरू

मग आयफोनमध्ये रॅम कमी असूनही ते सुरळीत कसे चालतात?

अणुरेणू

त्यात जादू काही नाही. अँड्रॉइडची ॲप्स बहुतांशी जावा किंवा कोटलिन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत लिहिलेली. त्यात वापरून झालेली मेमरी गोळा करायला मधूनमधून एक झाडूवाला फिरतो आणि तो नीट काम करायला थोडी मोकळी रॅम हाताशी लागते. ॲपलच्या स्विफ्ट भाषेत गोष्ट वापरून संपली की तिथल्या तिथे मोकळी होते. शिवाय चिप त्यांचीच, प्रणालीही त्यांचीच, आणि मॉडेलं मोजकी, म्हणजे निळीशाई म्हणतात ते कष्ट एकाच जागी एकवटतात. स्टोरेजसाठी त्यांनी २०१५ च्या आयफोन ६एस पासून संगणकात असतं तसं एनव्हीएमई वापरलं. तेव्हा बरेच फोन ईएमएमसीवरच होते.

पण महागडे फोनही अडखळतात. बॅटरी म्हातारी झाली की एकदम जास्त वीज देता देता तिचा दाब खाली येतो, फोन बंद पडू शकतो. तो पडू नये म्हणून जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केलं.

विषय निघालाच आहे तर एक आडवळण, मला महत्त्वाचं वाटतं म्हणून. फोनमधला मजकूर कुलूपबंद ठेवायला एईएस ही पद्धत वापरतात, आणि महाग प्रोसेसरमध्ये तिच्यासाठी खास सूचना असतात. अगदी स्वस्त प्रोसेसरमध्ये त्या नव्हत्या, मग कुलूप लावलं की फोन रखडायचा. म्हणून ज्यांचा एईएसचा वेग सेकंदाला ५० एमबीपेक्षाही कमी पडायचा अशा फोनांना अँड्रॉइडच्या नियमांत कुलुपातून सूटच होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये गूगलने ॲडियंटम नावाची पद्धत आणली, जी त्या सूचनांशिवायही वेगाने चालते. तोवर ज्याच्याकडे असा अगदी स्वस्त फोन त्याचा मजकूर उघडा राहू शकत होता. स्मूथपणाचा प्रश्न फक्त सुखसोयीचा नाही तो यासाठी.

निळीशाई

चिमटा आणि रातकिडा यांचं वाचून माझं मत थोडं बदललं. मी अठरा ॲप्स बंद केली तेव्हा जागाही मोकळी झाली होती, बारा-तेरा जीबी. मी सगळं श्रेय जाहिराती गेल्या याला दिलं होतं.

चिमटा

दोन्हीचं आहे ते. मागे चालणाऱ्या सेवा गेल्या म्हणजे लिहिणंही कमी झालं.

पिंपळपानताई, अजून एक विचारतो. आई रात्री फोन बंद करून चार्जिंगला लावतात का?

पिंपळपान

हो! कायम. बॅटरी टिकते म्हणून. का?

चिमटा

तेच. पाट्या पुसून ठेवायचं काम फोन रात्री करतो, पडदा बंद, चार्जर लावलेला, कुणी हात लावत नाही अशा वेळी. अँड्रॉइड ४.३ पासून ही सोय आहे. फोनच बंद असेल तर करणार कधी?

रातकिडा

आणि तेवढंच नाही. अँड्रॉइड ७ पासून ॲपचा कोड बसवताना पूर्ण भाषांतरित होत नाही. तुम्ही त्यातलं काय काय वापरता याची फोन नोंद ठेवतो आणि तेवढा भाग रात्री चार्जिंगला असताना प्रोसेसरच्या भाषेत उतरवून ठेवतो. तोवर तो भाग चालता चालता भाषांतरित होत राहतो, जे अशक्त प्रोसेसरला जड जातं. मोठ्या अपडेटनंतर दोन-तीन दिवस फोन सुस्त वाटतो त्याचं एक कारण हेच. रात्री फोन बंद ठेवणाऱ्यांच्या फोनला ही सवड मिळतच नाही.

एक प्रयोग करून बघा, स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतील. त्यात रेंडरिंग प्रोफाइल नावाचा पर्याय शोधा आणि पडद्यावर पट्ट्या दाखवायला सांगा. खाली रंगीत उभ्या पट्ट्या धावू लागतील, एका चित्राला एक पट्टी. आडवी हिरवी रेघ म्हणजे १६ मिलिसेकंदांची मर्यादा. रेघेच्या वर गेली ती पट्टी म्हणजे झटका.

पिंपळपान

आत्ताच करून बघितलं, दोन्ही फोन शेजारी ठेवून. फोटोंची तीच यादी, तेच बोट.

माझ्या फोनवर पट्ट्या ठेंगण्या, गवतासारख्या एका उंचीच्या. मधेच एखादी रेघेला टेकते. आईच्या फोनवर बराच वेळ रेघेखाली, जेमतेम, आणि मग एकदम एक पट्टी पडद्याच्या मध्यापर्यंत. मग पुन्हा शांत. मग लागोपाठ तीन. अणुरेणू म्हणाले तसंच, सरासरी वाईट नाही, पण त्या उंच पट्ट्या आल्या की आईचं बोट नेमकं तिथे अडकतं. मी ॲप्सची आपोआप होणारी अपडेट थांबवली आणि पुन्हा बघितलं. उंच पट्ट्या निम्म्याहून कमी.

स्टोरेजचा वेगही मोजला. सलग वाचनाचा आकडा ३०० एमबीच्या जरा खाली अडकला.

चिमटा

मग ईएमएमसीच. ती सहजासहजी बदलता येत नाही, बोर्डावर डाख देऊन जोडलेली असते. पण तिच्यावरचा भार उतरवता येतो.

वाटसरू

माझा फोन आता बदलायचाच आहे. बजेट तेवढंच. खोक्यावर बघू तरी काय?

अणुरेणू

स्टोरेजची जात आधी. यूएफएस २.२ असेल तरी चालेल, ईएमएमसीपेक्षा खूप बरं. लिहिलेलंच नसेल तर ईएमएमसी धरून चाला. मग मोठे कोअर कुठले ते: निदान दोन ए७६ किंवा त्यापुढचे हवेत. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि वाढीव रॅम यांच्याकडे बघूच नका. आणि तेवढ्याच बजेटमध्ये दोन-तीन वर्षं जुना, पण तेव्हा वरच्या वर्गातला फोन मिळत असेल तर मी तो घेईन, फक्त बॅटरी नवी घालून आणि सुरक्षेची अपडेट अजून येतात ना ते बघून.

निळीशाई

शेवटची अट विसरू नका. अपडेट थांबलेला फोन कितीही स्मूथ असला तरी पैशांच्या व्यवहाराला नको.

शेवंती

बाबांच्या कीबोर्डमधून तीन भाषा निघाल्या! कुणी घातल्या देव जाणे. अक्षरं आता बोटाबरोबर येतात, अगदी नाही पण जवळजवळ. आज सकाळी त्यांचा लेखी निरोप आला, चार ओळींचा, विरामचिन्हांसकट.

पिंपळपान

बारा दिवसांनी लिहितेय. केलं ते असं: आईचे फोटो-व्हिडिओ उतरवून घेतले आणि फोनमध्ये ७० जीबीच ठेवले. वाढीव रॅम बंद करून फोन पुन्हा सुरू केला. डिस्प्ले ९० वरून ६० हर्ट्‌झवर आणला. न लागणारी चौदा ॲप्स बंद केली. अपडेट फक्त रात्री, चार्जिंगला असताना, आणि फोन चालूच ठेवून. आईला तेवढं पटवायला दोन दिवस लागले.

पहिले तीन दिवस फारसा फरक नव्हता. चौथ्या-पाचव्या दिवसापासून जाणवायला लागला. कॅमेरा उघडायला अजून वेळ लागतो, मोठं वेबपान आलं की अजून अडतं. पट्ट्या अजूनही माझ्या फोनसारख्या सारख्या उंचीच्या नाहीत. पण मध्यापर्यंत उसळणारी पट्टी आता क्वचित दिसते.

काल संध्याकाळी आईने मावशीला लग्नातले चौदा फोटो पाठवले. मी नंतर तिचा फोन घेऊन मोजले. चौदाच होते.